सुरकुत्या आणि डाग: कोलॅजनचा वाटा किती, उन्हाचा किती?

मेडिकलच्या दुकानात गेलं की काउंटरवरच कोलॅजनच्या पुड्या, गोळ्या, पाण्यात फसफसणाऱ्या चकत्या मांडलेल्या दिसतात. मोबाइल उघडला तरी तेच. जाहिराती वेगवेगळ्या असल्या तरी त्यांचं सांगणं साधारण एकच असतं. पंचविशीनंतर शरीरातलं कोलॅजन घटू लागतं, म्हणून त्वचा सैल पडते, सुरकुत्या येतात, गालांवर काळे डाग उमटतात. उपाय म्हणजे रोज सकाळी एक पुडी. महिन्याला हजार-दोन हजार रुपये सहज जातात. घरखर्चातून पैसे बाजूला काढून ही पुडी आणणाऱ्या बायका माझ्या ओळखीत आहेत. याने खरंच काही होतं का, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे.

जाहिरातीतलं पहिलं वाक्य खरं आहे. सुरकुत्यांबद्दलचं बरंचसं खरं आहे. डागांबद्दलचं मात्र बहुतांशी चुकीचं आहे. आणि या सगळ्यात ज्याचा हात सर्वांत मोठा, त्या उन्हाचं नावच जाहिरातीत येत नाही, कारण सावली पुडीत भरून विकता येत नाही.

## आधी त्वचेची रचना

त्वचा वरून एकसंध दिसते, पण तिचे दोन मुख्य थर आहेत. वरची बाह्यत्वचा बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढीच जाड असते. तिच्या तळाशी नव्या पेशी जन्मतात, हळूहळू वर सरकतात आणि साधारण महिन्या-दीड महिन्यात गळून पडतात. तिच्याखाली अंतस्त्वचा. ही १ ते ४ मिलिमीटर जाड. रक्तवाहिन्या, नसा, घामाच्या ग्रंथी, केसांची मुळं सगळी इथे. अंतस्त्वचेतलं पाणी वगळून जे उरतं, त्यातला जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग एकाच प्रथिनाचा असतो. ते प्रथिन म्हणजे कोलॅजन.

सुंभाने विणलेली जुनी बाज डोळ्यांसमोर आणा. बाजेवर अंथरलेली गोधडी म्हणजे बाह्यत्वचा, आणि खालचं सुंभाचं विणकाम म्हणजे अंतस्त्वचेतलं कोलॅजन. विणकाम ताठ असेल तर गोधडी सपाट बसते. सुंभ सैल पडला, मध्ये कुठे तुटला, की गोधडी कितीही नवी असो, तिथे खोलगट होते आणि चुण्या पडतात. सुरकुती ही बाजेची तक्रार आहे. डाग मात्र गोधडीवर पडतात. हा एक फरक मनात ठेवला तर जाहिरातीतलं कुठलं वाक्य कशाबद्दल आहे ते लगेच कळतं.

या विणकामात थोडे लवचीक धागेही असतात. ते इलॅस्टिन नावाच्या वेगळ्या प्रथिनाचे. गाल ओढून सोडला की तो जागेवर येतो ते त्यांच्यामुळे. पण भार पेलण्याचं काम कोलॅजनचंच.

## कोलॅजन काय आहे, आणि ते भारतात कसं उलगडलं

शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी सुमारे ३० टक्के कोलॅजन असतं. हाडं, कूर्चा, स्नायूंना हाडांशी जोडणारे बंध, रक्तवाहिन्यांच्या भिंती, सगळीकडे ते आहे. त्याचे २८ प्रकार माहीत आहेत. त्वचेत मुख्यतः पहिला आणि थोड्या प्रमाणात तिसरा प्रकार असतो.

कोलॅजनच्या रेणूची रचना उलगडण्याचं मोठं काम मद्रास विद्यापीठात झालं, हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत असतं. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल १९५२ मध्ये मद्रासला आले होते. कोलॅजनची रचना अजून कुणाला नीट कळलेली नाही, हे त्यांच्याकडून ऐकून तिशीतल्या जी. एन. रामचंद्रन यांनी तो प्रश्न हाती घेतला. सहकारी गोपीनाथ कार्था यांच्यासोबत १९५४ मध्ये त्यांनी ‘नेचर’ नियतकालिकात उत्तर मांडलं आणि पुढच्याच वर्षी त्यात सुधारणा केली. कोलॅजनच्या तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात, अगदी तिपेडी सुंभासारख्या. प्रत्येक साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसिन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल असतं (अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांच्या साखळीतले मणी), कारण तीन पदर जिथे एकत्र येतात तिथे आतल्या बाजूला त्याहून मोठ्याला जागाच उरत नाही. वजनाच्या मानाने हा दोर विलक्षण मजबूत होतो तो या घट्ट पिळामुळे.

हा पीळ टिकाऊ व्हायला क जीवनसत्त्व लागतं. ते मिळालं नाही तर साखळ्या तयार होतात, पण त्यांचा दोर पक्का वळला जात नाही. पूर्वी महिनोन् महिने समुद्रावर असणाऱ्या खलाशांना स्कर्व्ही व्हायची. हिरड्यांतून रक्त यायचं, दात हलायचे, आणि वर्षांपूर्वी भरून आलेल्या जखमा पुन्हा उघडायच्या. ब्रिटिश आरमारातले डॉक्टर जेम्स लिंड यांनी १७४७ मध्ये आजारी खलाशांना वेगवेगळे पदार्थ देऊन पाहिले. संत्री आणि लिंबं मिळालेले खलाशी झपाट्याने बरे झाले. जुनी जखम उघडणं याचा अर्थ असा, की शरीर कोलॅजन एकदाच विणून थांबत नाही, त्याची डागडुजी आयुष्यभर चालू असते. आपल्या ताटात पेरू, आवळा, लिंबू, कोथिंबीर यांपैकी काही नियमित असेल तर या कामाला लागणारं क जीवनसत्त्व मिळून जातं. गरजेपेक्षा जास्त घेतलेलं लघवीवाटे बाहेर पडतं.

कोलॅजन प्रत्यक्ष पाहायचं असेल तर कोल्हापुरी चप्पल हातात घ्या. चामडं म्हणजे जनावराची अंतस्त्वचा, जवळजवळ सगळी कोलॅजनची. बाभळीची साल आणि हिरडा यांच्यातली तुरट द्रव्यं त्या धाग्यांना बांधून टाकतात, म्हणून ते कुजत नाही. मटणाचे पाये तासन् तास शिजवले की तोच तिपेडी दोर उकलतो आणि रश्श्यात उतरतो. त्याला जिलेटिन म्हणतात. थंड झाल्यावर रस्सा थलथलीत होतो तो त्यामुळे.

## वय वाढतं तेव्हा नेमकं काय बिघडतं

अंतस्त्वचेत कोलॅजन विणणाऱ्या पेशींना फायब्रोब्लास्ट म्हणतात. आपण त्यांना विणकर पेशी म्हणू. तारुण्यात त्या भराभर काम करतात, पुढे मंदावतात. प्रौढ वयात त्वचेतलं कोलॅजन वर्षाला साधारण १ टक्का घटतं, असा अंदाज १९७० च्या दशकातल्या मोजमापांपासून चालत आला आहे. पाळी गेल्यावर बायकांमध्ये हा वेग एकदम वाढतो. इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन कमी झाल्यामुळे पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं सुमारे ३० टक्के कोलॅजन जाऊ शकतं. “पन्नाशीत एकाएकी चेहरा उतरला,” असं कुणी म्हणते तेव्हा तो तिच्या मनाचा खेळ नसतो.

दुसरी गोष्ट जाहिरातींत कधीच येत नाही. त्वचेतल्या कोलॅजनचा धागा फार दीर्घायुषी असतो. आजच्या धाग्यांपैकी निम्मे बदलायला सुमारे १५ वर्षं लागतात. महिनाभरात ‘नवी त्वचा’ देणारी आश्वासनं त्यामुळे खरी होऊ शकत नाहीत. महिन्यात बदलते ती गोधडी. बाजेला वर्षं लागतात.

मिशिगन विद्यापीठातल्या गॅरी फिशर, जॉन व्हूरहीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. विणकर पेशी स्वतः त्या विणकामाला धरून ताणलेल्या असतात, आणि तो ताण जाणवत असेल तोवरच जोमाने विणतात. आजूबाजूचे धागे तुटले की पेशीची पकड सुटते, ती आखडते. मग ती नवं कोलॅजन कमी बनवते आणि जुनं कापणारी विकरं जास्त सोडते. विकरं म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिनं. अशा रीतीने तुटलेल्या धाग्यांमुळे आणखी धागे तुटतात. चाळिशीनंतर बदल वेगाने होतोय असं वाटतं, त्यामागे हे दुष्टचक्र आहे.

साखरेचाही यात वाटा आहे. मधुमेह असणाऱ्यांना एचबीएवनसी ही तपासणी माहीत असते. रक्तातली साखर हिमोग्लोबिनला किती चिकटली, ते त्यात मोजतात. हीच साखर कोलॅजनलाही चिकटते. हिमोग्लोबिन वाहून नेणारी तांबडी पेशी तीन-चार महिन्यांत बदलते, पण कोलॅजनचा धागा वर्षानुवर्षं तिथेच असतो. त्यामुळे साखर साचत राहते, शेजारच्या धाग्यांना एकमेकांत जखडते, आणि त्वचा ताठर होते. बरीच वर्षं मधुमेह असलेल्यांच्या बोटांची त्वचा जाड, आखडलेली होते त्यामागे हेच कारण. साखर आटोक्यात ठेवण्याचा फायदा त्वचेपर्यंत पोचतो, तोही कोलॅजनच्या कुठल्याही पुडीशिवाय.

## ऊन काय करतं

१९६२ मध्ये अमेरिकेत जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर बेडकाच्या पिल्लांचा अभ्यास करत होते. पिल्लाचं बेडकात रूपांतर होताना त्याची शेपटी नाहीशी होते. कोलॅजनने भरलेली ती शेपटी जाते कुठे? त्यांना तिथे कोलॅजन कापणारं विकर सापडलं. पुढे कळलं की त्याच कुळातली विकरं माणसाच्या त्वचेतही आहेत. जखम भरताना जुनं विणकाम काढून नवं घालायचं असतं, तेव्हा ती लागतात.

ऊन या विकरांना विनाकारण कामाला लावतं. मिशिगनच्याच गटाने १९९६ मध्ये दाखवलं, की त्वचा लालही होणार नाही इतक्या थोड्या अतिनील किरणांनीसुद्धा काही तासांत ही विकरं वाढतात. मग शरीर तुटलेलं दुरुस्त करतं, पण दुरुस्ती कधीच पहिल्यासारखी होत नाही. थोडा दोष राहून जातो. असं रोज, तीस-चाळीस वर्षं.

उन्हात दोन प्रकारचे अतिनील किरण आपल्यापर्यंत पोचतात. यूव्हीबी बाह्यत्वचेतच बहुतेक अडतो. त्वचा भाजते, लाल होते ती त्याने. दुपारी त्याचा जोर असतो आणि काच त्याला अडवते. यूव्हीए भाजत नाही, म्हणून जाणवतही नाही. तो अंतस्त्वचेपर्यंत उतरतो, सकाळ-संध्याकाळ असतो, ढगांतून येतो आणि साध्या खिडकीच्या काचेतूनही.

याचं एक छायाचित्र २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलं, आणि ज्यांनी ते पाहिलं ते विसरलेले नाहीत. शिकागोच्या डॉक्टरांकडे आलेला ६९ वर्षांचा एक माणूस. २८ वर्षं मालवाहू ट्रक चालवलेला. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, त्यामुळे खिडकीतून येणारं ऊन वर्षानुवर्षं त्याच्या डाव्या गालावर पडलं. डावी बाजू खोल सुरकुत्यांची, लोंबणाऱ्या जाड कातडीची. उजवी बाजू कितीतरी वर्षांनी तरुण. एकच माणूस, एकच वय, एकच आहार, रक्तातली हार्मोन्सही तीच. दोन्ही गालांत फरक फक्त उन्हाचा. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. एसटी, ट्रक, टॅक्सी चालवणाऱ्यांनी आपला उजवा गाल आणि खिडकीकडचा उजवा हात एकदा नीट पाहावा.

बाकीच्यांना घरच्या घरी करता येईल असं काही हवं असेल, तर दंडाच्या आतल्या, बगलेजवळच्या त्वचेची मनगटाच्या वरच्या त्वचेशी तुलना करा. दोन्हींचं वय सारखंच आहे. फरक दिसला तर तो बहुतांशी उन्हाचा.

तंबाखूचा धूरही उन्हासारखंच काम करतो: विकरं वाढवतो आणि नवं कोलॅजन बनणं कमी करतो.

## मग डाग कुठून येतात?

आता गोधडीकडे येऊ. बाह्यत्वचेच्या तळाशी मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी असतात. गोऱ्या आणि काळ्या माणसांत त्यांची संख्या जवळजवळ सारखीच असते, फरक असतो तो त्या किती आणि कशा प्रकारचं रंगद्रव्य बनवतात यात. एक रंगपेशी आजूबाजूच्या सुमारे ३६ पेशींना रंग पुरवते. तो रंग त्या पेशी आपल्या केंद्रकावर, म्हणजे जिथे डीएनए असतो तिथे, वरच्या बाजूने धरतात. रंगद्रव्य हे संरक्षण आहे. त्वचेवर हल्ला झाला की ते वाढतं.

वर्षानुवर्षं ऊन खाल्लेल्या जागी काही रंगपेशींची ही व्यवस्था बिघडते. ऊन थांबलं तरी त्या जास्त रंग बनवतच राहतात. मग हाताच्या पाठीवर, गालांवर, कपाळावर कडा स्पष्ट असलेले सपाट तपकिरी ठिपके कायमचे राहतात. यांनाच वयाचे डाग म्हणतात. त्यांचा यकृताशी संबंध नाही आणि पोट साफ असण्या-नसण्याशीही नाही. उघड्या हातावर डाग आणि झाकलेल्या पोटावर एकही नाही, एवढ्यावरूनच ते कळतं.

कोलॅजनशी संबंध अगदीच नाही, असंही नाही. उन्हाने खराब झालेल्या, म्हाताऱ्या झालेल्या विणकर पेशी काही रासायनिक संदेश सोडतात, आणि ते वरच्या रंगपेशींना चिथावतात. म्हणजे बाज बिघडली की तिचा त्रास गोधडीलाही होतो. पण कोलॅजन कमी झालं म्हणून डाग पडला, ही सरळ रेघ चुकीची आहे. सुरकुत्या आणि डाग एकत्र येतात ते दोघांमागे एकच ऊन असतं म्हणून.

## आपल्या त्वचेत क्रम वेगळा असतो

त्वचेच्या वार्धक्याबद्दल आपण वाचतो त्यातलं बहुतेक गोऱ्या त्वचेवरच्या अभ्यासांतून आलेलं असतं. तिथे आधी सुरकुत्या दिसतात. सावळ्या त्वचेत मेलॅनिन कोलॅजनचं बरंच रक्षण करतं, त्यामुळे सुरकुत्या उशिरा येतात. रंगाचा असमानपणा मात्र आधी येतो. म्हणून “माझ्या चेहऱ्यावर सुरकुती नाही, पण डाग फार” ही मराठी घरांतली नेहमीची तक्रार आहे. अशा वेळी कोलॅजनची पुडी विकत घेणं म्हणजे गोधडी मळली म्हणून बाज दुरुस्तीला पाठवणं.

शिवाय आपल्याकडचा प्रत्येक डाग वयाचा नसतो. दोन्ही गालांवर, नाकावर, वरच्या ओठावर सारख्या आकाराचे पसरट तपकिरी पट्टे दिसत असतील तर तो बहुधा वांग. गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्यांनी तो वाढतो, आणि त्याला अतिनील किरणांबरोबर साधा दृश्य प्रकाशही पुरतो. मुरूम किंवा पुरळ बरं झाल्यावर उरणारा काळा डाग वेगळा. गालांवर, डोळ्यांखाली येणारे बारीक, उंचवट्याचे काळे ठिपके निरुपद्रवी असतात आणि बऱ्याचदा आई-मावशीकडून आलेले असतात. मानेवर, काखेत त्वचा जाड आणि मखमली काळी झाली असेल तर ती घासून निघणार नाही. इन्सुलिनला शरीर नीट प्रतिसाद देत नसल्याची ती खूण असू शकते, आणि तिथे क्रीमपेक्षा साखरेची तपासणी आधी करावी. मानेवरून मुलींना “नीट आंघोळ करत नाहीस का” असं घरात ऐकावं लागतं, ते फार दुःखद आहे.

## “सावळ्या माणसाला सनस्क्रीन कशाला?”

हा आक्षेप अर्धा बरोबर आहे. सनस्क्रीन ऊन किती अडवतं त्याचं माप म्हणजे एसपीएफ. काळ्या त्वचेची बाह्यत्वचा सुमारे १३ एसपीएफइतकं नैसर्गिक संरक्षण देते, गोरी सुमारे ३ इतकं. आपण भारतीय बहुधा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. हे संरक्षण कमी नाही, पण महाराष्ट्रातल्या एप्रिल-मेच्या उन्हाला आणि शेतात काढलेल्या आख्ख्या दिवसाला ते पुरत नाही.

सनस्क्रीनने त्वचेचं वार्धक्य खरंच मंदावतं का, याची नीट चाचणी ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बर गावात झाली. ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांमध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून काहींना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, बाकीच्यांना स्वतःच्या मर्जीवर सोडलं. साडेचार वर्षांनी त्वचेचे ठसे तपासले. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: रोज लावणाऱ्यांच्या त्वचेचं जुनं होणं २४ टक्क्यांनी कमी होतं. त्याच चाचणीत बीटा-कॅरोटिनच्या गोळ्याही दिल्या होत्या. त्यांचा काही उपयोग झाला नाही. लोक मुख्यतः गोरे होते, हे लक्षात ठेवायला हवं, पण त्वचेतली विकरं सगळ्यांची तीच.

डबीवरचा एसपीएफ हा आकडा यूव्हीबीबद्दल बोलतो, आणि पीएपुढची अधिक चिन्हं यूव्हीएबद्दल. कोलॅजनसाठी दुसरं महत्त्वाचं, म्हणून ३० एसपीएफ आणि पीएपुढे किमान तीन अधिक चिन्हं पाहावीत. चेहरा आणि मान यांना तर्जनी आणि मधलं बोट भरून लागतं, आपण लावतो त्याच्या दुप्पट-तिप्पट. वांग असेल तर रंगीत, लोह ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन घ्यावं, कारण दृश्य प्रकाश तेच अडवतं.

हे परवडत नसेल, तर दाट विणीचं कापड उत्तम आहे. पुण्या-नाशकात दुचाकीवरच्या मुली चेहऱ्याभोवती घट्ट स्कार्फ गुंडाळतात, शेतात खुरपणीला जाणारी बाई डोक्यावरून पदर घेऊन वर रुमाल बांधते, ते अगदी शास्त्रशुद्ध आहे. कापडाला ना मुदत ना परत लावायची कटकट. ड जीवनसत्त्वाची काळजी वाटत असेल तर रक्त तपासा. कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळीने भरून निघतं. त्यासाठी चेहरा भाजायची गरज नाही.

## “पण पुडी घेऊन मैत्रिणीला फरक पडला”

कोलॅजन खाल्लं की ते कोलॅजन म्हणून गालावर जात नाही. पोटात त्याचे तुकडे होतात. बहुतेक अमिनो आम्लं बनतात, आणि दोन-तीन अमिनो आम्लांचे काही छोटे तुकडे तसेच रक्तात पोचतात. हे तुकडे विणकर पेशींना जागं करतात, असं उत्पादकांचं म्हणणं आहे. कल्पना अशक्य नाही, प्रयोगशाळेत तसे संकेत आहेत. प्रश्न माणसाच्या चेहऱ्यावर काय दिसतं, हा आहे.

२०२५ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २३ चाचण्यांचा, एकूण १,४७४ जणांचा एकत्रित आढावा आला. सगळ्या चाचण्या मिसळल्या तर त्वचेचा ओलावा, लवचीकपणा आणि सुरकुत्या यांत सुधारणा दिसते. मग पैसा कुणी दिला त्यानुसार त्या वेगळ्या केल्या. कंपन्यांच्या पैशाने झालेल्या चाचण्यांत फायदा दिसला, इतरांत दिसला नाही. दर्जेदार चाचण्या तेवढ्या घेतल्या तरीही दिसला नाही. माझ्या मते एवढ्यावर महिन्याला हजार-दोन हजार घालण्याजोगं काही नाही. निरोगी माणसाला सहसा अपायही होत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रथिनाची कुठलीही पूड डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. मैत्रिणीला फरक पडलाही असेल, पण पुडीबरोबर तिने पाणी, झोप, सनस्क्रीन यांतलं काय काय सुरू केलं तेही विचारा.

शाकाहारी लोकांनी एक ध्यानात घ्यावं. अन्नातलं कोलॅजन फक्त प्राण्यांतच असतं: गाय-म्हैस, डुक्कर, कोंबडी, मासे. ‘शाकाहारी कोलॅजन’ म्हणून विकतात त्यात बहुधा क जीवनसत्त्व, काही अमिनो आम्लं आणि वनस्पतींचे अर्क असतात. विणकर पेशींना कच्चा माल डाळ-भात, दूध, शेंगदाणे, अंडी, मासळी यांतून मिळतोच. फक्त प्रथिनं पोटभर हवीत, आणि आपल्याकडे उतारवयातल्या बायका नेमकं तेच कमी खातात.

## “निदान क्रीम तरी?”

कोलॅजनचं क्रीम बाजेपर्यंत पोचत नाही. त्वचेतून साधारण ५०० डाल्टनपर्यंत वजनाचे रेणू आत शिरतात (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं एकक). कोलॅजनचा रेणू सुमारे ३ लाख डाल्टनचा. वरची त्वचा मऊ राहते, इतकंच. बारीक रेषा काही तास कमी दिसतात, कारण गोधडी ओलावली.

खरोखर खालपर्यंत काम करणारं औषध म्हणजे ट्रेटिनॉइन, अ जीवनसत्त्वाचं एक रूप. १९९३ च्या एका अभ्यासात उन्हाने जुनावलेल्या हातांवर ते १०-१२ महिने लावलं, तेव्हा कोलॅजनची निर्मिती ८० टक्क्यांनी वाढली. ज्यांना औषध नसलेलं साधं क्रीम दिलं होतं त्यांची १४ टक्क्यांनी घटली. डागही त्याने फिके होतात. मात्र गरोदरपणात ते वापरायचं नाही, आणि सावळ्या त्वचेवर जळजळ झाली तर तिचाच नवा काळा डाग उरतो. म्हणून कमी ताकदीचं, त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. लेझर आणि सुयांच्या उपचारांचंही तसंच. ते मुद्दाम बारीक इजा करून विणकर पेशींना कामाला लावतात, आणि आपल्या त्वचेत इजेनंतर डाग पडायचा धोका अधिक असतो. अनुभवी हातच हवा.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती दुकानातून आपल्या मनाने आणलेल्या ‘गोरं करणाऱ्या’ मलमांची. त्यांतल्या अनेकांत स्टिरॉइड असतं. पंधरा दिवसांत चेहरा उजळतो, म्हणून मैत्रिणी एकमेकींना सांगतात. पण स्टिरॉइड विणकर पेशींचं काम बंद पाडतं. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुरळ येतं, आणि मलम थांबवलं की चेहरा पेटतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा स्टिरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री रोखणारा नियम केला, तरी ती सर्रास मिळतात. काही बेनामी क्रीममध्ये पाराही निघतो. अकोल्यातल्या एका घरातल्या तिघींना असं क्रीम वापरून मूत्रपिंडाचा विकार झाल्याचं २०२३ च्या सुरुवातीला बातम्यांत आलं होतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कारण उघड झालं. ज्या मलमावर घटक छापलेले नाहीत, ते चेहऱ्याला लावू नका.

## कोलॅजन वाढलं की चांगलंच?

हेही गृहीत धरू नये. सुपारी आणि गुटखा खाणाऱ्यांचं तोंड हळूहळू उघडेनासं होतं. सुपारीतलं अरेकोलिन गालाच्या आतल्या विणकर पेशींना भडकवतं, त्या कोलॅजनचे जाड पट्टे घालत सुटतात, आणि सुपारीतलीच तुरट द्रव्यं ते पट्टे तुटू देत नाहीत. पुढे यातून कर्करोग होऊ शकतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तोंडात दोन बोटंही न जाणारे तरुण दंतवैद्यांकडे येतच आहेत. कान टोचल्यावर काहींना येणारी वाढती गाठ, म्हणजे केलॉइड, हेही जास्त झालेलं कोलॅजनच. त्वचेला कोलॅजन योग्य जागी, योग्य मापात हवं असतं.

## कोणता डाग डॉक्टरांना दाखवावा

वर्षानुवर्षं आहे तसाच राहिलेला, सपाट, एकसारख्या रंगाचा डाग धोक्याचा नसतो. तो घालवायचा की ठेवायचा हा फक्त आवडीचा प्रश्न. पण एखादा डाग काही महिन्यांत मोठा होतोय, कडा वेड्यावाकड्या आहेत, एकाच डागात दोन-तीन रंग दिसतात, खाज किंवा रक्त येतंय, जखम भरत नाही, तर थांबू नका. भारतीयांमध्ये त्वचेचा कर्करोग कमी आढळतो, पण रंगपेशींचा कर्करोग आपल्यात बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली होतो, जिथे ऊन जात नाही आणि आपली नजरही जात नाही. तळपायावर नवा काळा डाग किंवा एकाच नखात रुंद होत जाणारी काळी रेघ दिसली, तर त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात केसपेपर काढूनही ही तपासणी होते.